ईगल्स आणि सिक्सर्स : फिलाडेल्फियाच्या दोन संघांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्टन, किंग ऑफ प्रशिया किंवा नदीपलीकडच्या दक्षिण न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी आणि भारतात पहाटे उठून सामने बघणारे, दोघेही साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांत माहितीबरोबर आमची मतंही आहेत. ती पटली नाहीत तर बिनधास्त भांडा. या शहरात तीच रीत आहे.

फुटबॉल म्हणजे कुठला फुटबॉल?

अमेरिकन. हेल्मेटवाला, लांबट चेंडूचा. पायाने खेळायच्या फुटबॉलचा संघही इथे आहे, तो फिलाडेल्फिया युनियन, आणि तो शेजारच्या चेस्टर गावात खेळतो. या पानावर फक्त एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले ईगल्स आणि एनबीए या बास्केटबॉल लीगमधले सेव्हंटीसिक्सर्स. त्यांना इथे सगळे सिक्सर्सच म्हणतात.

शहर नेमकं कुणाचं, ईगल्सचं की सिक्सर्सचं?

ईगल्सचं, आणि यात वादाला जागा नाही. ईगल्स १९३३ पासून याच शहरात आहेत. सिक्सर्स १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून आले. त्याआधी शहराचा बास्केटबॉल संघ वॉरियर्स होता. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी हर्शी गावात एकाच सामन्यात १०० गुण केले ते वॉरियर्सच्या जर्सीत, आणि त्याच वर्षी तो संघ सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला.

दुसरं कारण वेळापत्रकाचं. एनएफएलमध्ये नियमित हंगामात १७ सामने असतात, एनबीएमध्ये ८२. ईगल्सचा एक सामना म्हणजे आख्ख्या आठवड्याचा विषय. सोमवारी ऑफिसात कुणाचा चेहरा कसा आहे यावरून रविवारचा निकाल ओळखता येतो. सिक्सर्स जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी हरले तर गुरुवारपर्यंत कुणाला आठवत नाही.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सिक्सर्सवर प्रेम करणारे संख्येने कमी असले तरी जास्त अभ्यासू आहेत. त्यांच्यावर ती वेळ आली, असंही म्हणता येईल.

फिलाडेल्फियाचे प्रेक्षक खरंच इतके वाईट आहेत का?

तोंडाने, हो. सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारल्याची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. डिसेंबर १९६८, फ्रँकलिन फील्ड, हंगामातला शेवटचा सामना. ईगल्स पहिले ११ सामने हरले होते. मग दोन जिंकून त्यांनी ड्राफ्टमधला, म्हणजे तळाच्या संघांना आधी संधी देणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला क्रमांकही घालवला. आधीच चिडलेल्या लोकांपुढे बर्फात सांता आणून उभा केला, तेव्हा गोळे पडले. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी बाहेरचे समालोचक अजून तेच उगाळतात.

जुन्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी चक्क न्यायाधीश बसवून दंगेखोरांचा जागच्या जागी निवाडा करत, हेही खरं. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये डोनोव्हन मॅकनॅब निवडला गेला तेव्हा तिथे गेलेल्या ईगल्सच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली, कारण त्यांना रिकी विल्यम्स हवा होता. पुढे मॅकनॅबने संघाला पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेलं. ती हुर्यो निव्वळ चूक होती.

आमचं निरीक्षण असं की इथे हरण्यापेक्षा आळस जास्त खुपतो. कमी कुवतीचा पण जीव तोडून धावणारा खेळाडू इथे वर्षानुवर्षं डोक्यावर घेतला जातो. कोट्यवधींचा पगार घेऊन अंग चोरणारा तीन सामन्यांत नजरेतून उतरतो. ॲलन आयव्हरसन जेमतेम सहा फुटांचा, सराव चुकवणारा, प्रशिक्षकाशी भांडणारा; तरी आजही त्याच्याइतकं प्रेम दुसऱ्या सिक्सरला मिळत नाही, कारण सामन्यात तो प्रत्येक वेळी जमिनीवर आपटून परत उठायचा.

‘प्रोसेस’ म्हणजे काय होतं?

मे २०१३ मध्ये सॅम हिंकी सिक्सर्सचा मुख्य व्यवस्थापक झाला. त्याच्या योजनेला लोक ‘प्रोसेस’ म्हणू लागले. हिशेब सरळ होता. एनबीएमध्ये एका वेळी मैदानात पाचच खेळाडू असतात, त्यामुळे एका असामान्य खेळाडूचा वाटा प्रचंड. असे खेळाडू बहुतेक ड्राफ्टच्या पहिल्या तीन-चार क्रमांकांत मिळतात. आणि ते क्रमांक तळाच्या संघांना मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे मधल्या फळीत, दरवर्षी ४० सामने जिंकत राहणं, ही सगळ्यांत वाईट जागा.

मग त्याने जे होतं ते विकलं. जरू हॉलिडेसारखा चांगला गार्ड देऊन नर्लन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा ड्राफ्ट-हक्क घेतला. तीन हंगामांचे निकाल असे: १९ विजय ६३ पराभव, मग १८ आणि ६४, मग १० आणि ७२. एकूण ४७ विजय, १९९ पराभव. पहिल्याच हंगामात सलग २६ पराभव झाले. एप्रिल २०१६ मध्ये हिंकीने राजीनामा दिला.

एनबीएला हे इतकं बोचलं की ड्राफ्टचे वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीचे नियमच बदलले. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के. नियम बदलायला लावणारी कल्पना मूर्खपणाची नसते.

मग प्रोसेस फसली की नाही?

आमच्या मते पेरणी ठीक होती, राखण फसली. हिंकी गेल्यावर पाच वर्षांत काय काय झालं ते क्रमाने बघा.

२०१७ मध्ये हिंकीच्या जागी आलेल्या ब्रायन कोलांजेलोने तिसरा क्रमांक आणि वर एक भावी हक्क बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झ निवडला. फुल्ट्झचा खांदा आणि नेम दोन्ही बिघडले. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. २०२३ च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) सातव्या सामन्यात याच टेटमने सिक्सर्सविरुद्ध ५१ गुण केले.

२०१८ च्या जूनमध्ये कोलांजेलोला जावं लागलं. त्याच्या पत्नीने चालवलेल्या निनावी ट्विटर खात्यांवरून संघातल्या गोष्टी आणि खेळाडूंवरची टीका बाहेर पडली होती. त्याच महिन्यात मिकाल ब्रिजेस दहाव्या क्रमांकावर निवडून लगेच फिनिक्सला देऊन टाकला.

२०१९ मध्ये टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या सेकंदाला कवाय लेनर्डचा चेंडू रिंगवर चार टप्पे घेऊन आत पडला. ९२–९०. ते नशीब म्हणू. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात जिमी बटलरला जाऊ दिलं, टोबायस हॅरिसला पाच वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार दिला आणि संघाचा मुख्य उंच खेळाडू जोएल एंबीड असताना अल हॉरफर्ड हा दुसरा उंच खेळाडू आणला. ते नशीब नव्हतं. कठीण सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, या प्रश्नाचं संघाकडे असलेलं एकमेव उत्तर बटलर होतं.

२०२१ मध्ये अटलांटाविरुद्ध बेन सिमन्सने रिंगखाली मोकळा असताना डंक न मारता पास दिला, हे सगळ्यांना आठवतं. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्या प्लेऑफमधला त्याचा फ्री-थ्रोचा हिशेब: ७३ पैकी २५. ज्याला फाउल केलं की फायदाच होतो असा खेळाडू शेवटच्या मिनिटांत चेंडू मागत नाही. तो डंक टळला त्याचं कारण या आकड्यात आहे.

२००१ मध्ये आयव्हरसनने संघ अंतिम फेरीत नेला, पहिल्या सामन्यात ४८ गुण करून लेकर्सना त्यांच्याच मैदानात हरवलं आणि नंतर चार सामने गेले. तेव्हापासून २०२५ पर्यंत सिक्सर्सनी दुसरी फेरी एकदाही ओलांडली नाही. शेवटचं विजेतेपद १९८३ चं, मोझेस मलोनच्या संघाचं. त्या प्लेऑफमध्ये ते १३ पैकी एकच सामना हरले होते.

जोएल एंबीडबद्दल तुमचं मत काय?

खेळत असतो तेव्हा शहराने पाहिलेल्या सर्वोत्तम बास्केटबॉल खेळाडूंपैकी एक. २०२२–२३ चा सर्वोत्तम खेळाडू, सलग दोन वर्षं सर्वाधिक सरासरी गुण, जानेवारी २०२४ मध्ये सॅन अँटोनियोविरुद्ध एका सामन्यात ७० गुण. अडचण ‘खेळत असतो तेव्हा’ या तीन शब्दांत आहे.

२०१४ मध्ये निवड झाल्यावर पायाच्या हाडामुळे पहिले दोन हंगाम पूर्ण गेले. त्यानंतर २०२४–२५ पर्यंतच्या हंगामांत तो खेळलेले सामने ओळीने असे: ३१, ६३, ६४, ५१, ५१, ६८, ६६, ३९, १९. यातले दोन हंगाम करोनामुळे सगळ्यांचेच छोटे झाले हे धरलं, तरी ८२ पैकी ७० चा आकडा त्याने कधीच गाठला नाही. शिवाय प्लेऑफच्या तोंडावर डोळ्याखालचं हाड, गुडघा, अंगठा, काही ना काही मोडतंच.

तो नाटकं करतो असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सात फूट उंची आणि एवढं वजन घेऊन गार्डसारखं वळणं, थांबणं, मागे उडी मारून नेम धरणं, याचा भार गुडघ्यावर आणि पावलावर येतो. दोष द्यायचाच तर संघबांधणीला द्या. ज्याच्या शरीराचा इतिहास माहीत आहे त्याच्याभोवती दहा वर्षांत एकदाही असा संघ उभा राहिला नाही, जो त्याच्याशिवाय वीस सामने निभावून नेईल. उलट २०२४ मध्ये त्याचा करार वाढवला आणि पॉल जॉर्ज या चौतिशीतल्या खेळाडूला चार वर्षांचे सुमारे २१ कोटी डॉलर दिले. दोघांचे पगार मिळून पगारमर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त होतात. तो हंगाम २४ विजय, ५८ पराभवांवर संपला.

२०२४–२५ च्या शेवटी सिक्सर्स मुद्दाम हरले का?

मुद्दाम हरले असं कुणी कबूल करणार नाही, पण जिंकण्यात तोटा होता हे कागदावर स्पष्ट होतं. त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला हक्क जुन्या व्यवहारामुळे ओक्लाहोमा सिटीकडे जायचा होता, अट अशी की सोडतीत पहिल्या सहांत आला तर सिक्सर्सनी ठेवायचा. तळातून पाचव्या संघाला तो राहण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. वर सरकलं की ती झपाट्याने घटते. संघ तळातून पाचवाच राहिला, सोडतीत तिसरा क्रमांक लागला आणि व्ही. जे. एजकोंब मिळाला. टायरीस मॅक्सी २०२० मध्ये २१ व्या क्रमांकावर मिळाला होता. हे दोन गार्ड हीच या संघाकडे बघण्याची सध्याची खरी कारणं.

ईगल्सना जमतं ते सिक्सर्सना का जमत नाही?

खेळच वेगळा, हे निम्मं उत्तर. ईगल्सच्या यादीत ५३ जण, मैदानात एका वेळी ११, त्यामुळे एक गुडघा मोडला म्हणून हंगाम संपत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा, कार्सन वेंट्झचा गुडघा गेला आणि बदली क्वार्टरबॅक निक फोल्सने फेब्रुवारीत न्यू इंग्लंडला ४१–३३ हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

पण उरलेलं निम्मं उत्तर कारभाराचं आहे. ईगल्स चुका करतात आणि लाज न बाळगता पटकन निस्तरतात. २०१९ मध्ये वेंट्झला मोठा करार दिला. २०२० मध्ये तो ढासळला. २०२१ च्या सुरुवातीला त्याला इंडियानापोलिसला पाठवून सुमारे ३ कोटी ३८ लाख डॉलरचा भुर्दंड त्यांनी एकाच वर्षाच्या हिशेबात घेतला. सुपर बोल जिंकून देणाऱ्या मुख्य प्रशिक्षक डग पीडरसनलाही तीन वर्षांत निरोप दिला. २०२३ मध्ये १० विजय, १ पराभव अशा सुरुवातीनंतर संघ कोसळला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक निक सिरियानीला ठेवलं पण त्याच्या हाताखालचे आक्रमण आणि बचाव दोन्हीकडचे प्रशिक्षक बदलले. पुढच्याच हंगामात १४ विजय आणि कॅन्सस सिटीविरुद्ध ४०–२२ असा सुपर बोल.

दुसरी गोष्ट, ते दोन्ही ‘लाइन’वर, म्हणजे आक्रमण आणि बचावातल्या पुढच्या रांगांवर, सतत खर्च करतात. प्रेक्षक बघतात ते चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे. सामना ठरतो त्याच्या पुढे वाकून उभ्या असलेल्या पाच जाडजूड माणसांवर. लेन जॉन्सन चौथ्या क्रमांकावर घेतलेला, जेसन केल्सी सहाव्या फेरीतला, आणि जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू, आयुष्यात एकही फुटबॉल सामना न खेळता सातव्या फेरीत निवडलेला. २०१३ मध्ये आलेल्या जेफ स्टाउटलंड या लाइनच्या प्रशिक्षकाने त्याला उभं राहण्यापासून शिकवलं. चेंडू घेऊन पळणाऱ्या सेक्वॉन बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्ड काढले ते या लाइनमागे. न्यूयॉर्क जायंट्सकडे असताना तोच खेळाडू, तेच पाय. पुढची भिंत तेवढी नव्हती.

बचावातही तेच. २०२५ च्या सुपर बोलमध्ये बचावाचा प्रशिक्षक विक फँजिओने एकही जादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडला नाही. चौघांच्या जोरावर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक मव्होम्सला सहा वेळा पाडलं आणि उरलेले सात मागे झेल अडवत राहिले. जादा माणूस न पाठवता दबाव येत असेल तर समोरच्याकडे उत्तर उरत नाही.

ईगल्सना पगारमर्यादेत इतके खेळाडू परवडतात कसे?

एनएफएलची मर्यादा कडक आहे. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि एनबीएसारखा दंड भरून ती ओलांडता येत नाही. मग ईगल्सचा मुख्य व्यवस्थापक होवी रोझमन काय करतो? पगार कमी दाखवतो आणि बोनस जास्त. करारावेळचा बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. करार खरा दोन-तीन वर्षांचाच असला तर पुढे नावापुरती वर्षं जोडतात.

समजा, २ कोटी डॉलरचा बोनस आणि एक खरं वर्ष, चार नावापुरती. यंदाच्या हिशेबात फक्त ४० लाख धरले जातात. खेळाडू गेला की उरलेले १ कोटी ६० लाख पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. हे चालतं, कारण मर्यादा बहुतेक दरवर्षी वाढते आणि आजचा डॉलर उद्याच्या मर्यादेचा लहान तुकडा ठरतो. बिघडतं कधी? एकाच वर्षी बरेच जण निघून गेले, किंवा २०२१ सारखी मर्यादाच घटली, तर. म्हणूनच या पद्धतीला दरवर्षी ड्राफ्टमधून स्वस्त आणि तयार खेळाडू मिळत राहावे लागतात. २०२४ मध्ये क्विन्यन मिचेल आणि कूपर डीजीन हे दोघे एकाच ड्राफ्टमध्ये मिळाले, आणि डीजीनने आपल्या २२ व्या वाढदिवशी सुपर बोलमध्ये चेंडू पळवून टचडाउन केला.

‘टश पुश’ ही फसवणूक नाही का?

नाही. टश पुश म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलून एखादा यार्ड काढण्याचा डाव. पुढच्या माणसाला मागून ढकलायला २००० च्या दशकाच्या मध्यापासून नियमाने मुभा आहे, सगळ्या ३२ संघांना.

एक यार्ड हवा असतो. लाइनमधले पाचही जण नेहमीपेक्षा खूप खाली वाकतात, कारण ज्याचा खांदा खाली त्याचा जोर वर. सेंटर, म्हणजे लाइनमधला मधला, चेंडू देताक्षणी समोरच्याच्या छातीखाली घुसतो. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स त्याच्यामागच्या फटीत शिरतो. कॉलेजातच २७० किलोच्या आसपास स्क्वॉट मारणारे पाय आहेत त्याचे. मागचे दोघे त्याला, बंद पडलेली एसटी ढकलावी तसे, ढकलतात. बाकीच्यांना हे जमत नाही, कारण ते ढकलणाऱ्यांवर भर देतात. खरं काम पहिल्या अर्ध्या सेकंदात सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड करतात. लाइन हलली नाही तर मागचा जोर म्हणजे नुसती गर्दी. दुसरा धोका वेळेआधी हलण्याचा: एका गार्डची मान आधी गेली की पाच यार्डांचा दंड, आणि मग हा डावच हातातून जातो.

फायदा एका यार्डापुरता नसतो. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, एक यार्ड जवळपास हमखास मिळणार असेल, तर तिसऱ्या डाऊनला सहा यार्ड हवे असताना पाच पळून काढले तरी चालतात. बचावाला पास येणार की पळणार हे ओळखता येत नाही. मे २०२५ मध्ये बंदीच्या बाजूने २२ संघ होते, हवे होते २४. बाकीचे अडवू शकत नाहीत म्हणून बंद करा, हा युक्तिवाद आम्हाला रडका वाटतो. ज्यांना हा डाव कंटाळवाणा वाटतो त्यांचं मात्र बरोबर आहे.

हर्ट्स मोठा क्वार्टरबॅक आहे का?

दुसऱ्या फेरीत ५३ व्या क्रमांकावर निवडलेला, दोन सुपर बोल खेळून एक जिंकलेला आणि त्यात सर्वोत्तम ठरलेला. हरला त्या २०२३ च्या सामन्यातही (३८–३५) चेंडू सुटून झालेली एक मोठी चूक सोडली तर मैदानावरचा सर्वोत्तम ईगल तोच होता. मधल्या भागात पास टाकायला तो कचरतो आणि चेंडू फार वेळ धरून ठेवतो, हे आक्षेप खरे आहेत. पण मोठ्या सामन्यात तो घाबरत नाही आणि चेंडू समोरच्याला फुकट देत नाही. अशी लाइन आणि असा बचाव असताना एवढं पुरतं.

नवीन अरीनाचं काय झालं?

सिक्सर्स सध्या फ्लायर्स या आइस हॉकी संघाबरोबर दक्षिण फिलाडेल्फियातल्या अरीनात (बंदिस्त मैदानात) खेळतात. २०२५ पासून तिचं नाव एक्सफिनिटी मोबाइल अरीना. २०२२ मध्ये मालकांनी मार्केट स्ट्रीटवर, चायनाटाउनला खेटून, स्वतःची अरीना बांधायचं जाहीर केलं. तिथल्या रहिवाशांनी अडीच वर्षं विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये मालकांनीच बेत सोडून फ्लायर्सच्या मालकांशी हातमिळवणी केली. आता दोघांची नवी अरीना दक्षिणेतच होणार. शहराच्या मध्यात रेल्वेने पोहोचता येणारी अरीना असावी हे तत्त्व म्हणून आम्हाला पटतं. पण एवढ्या लोकांना वेठीस धरून, त्यांच्या प्रतिनिधींना अवघड मत द्यायला लावून महिन्याभरात पाठ फिरवणं हे वागणं वाईटच.

सामन्याला जायचं कसं?

गाडी नेऊ नका. सेप्टा या इथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेची ब्रॉड स्ट्रीट लाइन, जिला आता बी लाइन म्हणतात, दक्षिणेला धरा आणि शेवटच्या एनआरजी स्टेशनवर उतरा. दोन्ही मैदानं तिथून चालत काही मिनिटांवर. एडिसन किंवा मेट्रोपार्ककडून येत असाल तर एनजे ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथून सेप्टाची लोकल मध्य शहरात, मग सिटी हॉलला बी लाइन. दक्षिण जर्सीहून पॅटकोची रेल्वे. परतीची शेवटची ट्रेंटन लोकल किती वाजता सुटते ते निघण्यापूर्वी बघा. ईगल्सचा रात्रीचा सामना साडेअकराच्या पुढे लांबतो आणि तिथेच लोक अडकतात.

ईगल्सच्या मैदानात फक्त पारदर्शक पिशवी चालते, १२ × ६ × १२ इंचांपर्यंत. त्याशिवाय तळहाताएवढी छोटी पर्स. पाठीवरची बॅग घेऊन गेलात तर दारातून परत पाठवतील. तिकीट फोनवरच असतं, ते घरूनच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. ६७ हजारांच्या गर्दीत नेटवर्क दगा देतं.

पहिल्यांदाच जात असाल तर सिक्सर्सपासून सुरुवात करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, तळातल्या संघाविरुद्ध, तिकीट स्वस्त आणि मुलांसोबत सोपं. ईगल्सची तिकिटं जवळपास सगळी हंगामी ग्राहकांकडे असतात, म्हणून पुनर्विक्रीतूनच घ्यावी लागतात. खालच्या रांगेतल्या कोपऱ्यापेक्षा वरच्या मजल्यावरची मधली जागा घ्या: बावीस माणसांची मांडणी तिथून दिसते, खालून फक्त पाठी दिसतात.

डॅलस काउबॉइजची जर्सी घालून जाऊ नका. मार खाल असं नाही, पण तीन तास तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांचा शब्दसंग्रह वाढेल.

डिसेंबर-जानेवारीत थंडीचं काय करायचं?

तापमान शून्याच्या आसपास, वर वारा. स्वेटर-जॅकेटची तयारी सगळे करतात, पाय विसरतात. गारठा काँक्रीटमधून तळव्यात चढतो. पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, लोकरी मोज्यांची एकच जाड जोडी घाला. दोन कोंबल्या तर बूट आवळतात, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं.

टीव्हीवर किंवा भारतातून कसं बघायचं?

रविवारचे बरेचसे सामने इथे साध्या अँटेनावर दिसतात. मेख अशी की एडिसन, प्लेन्सबरो हा भाग टीव्हीच्या हिशेबात न्यूयॉर्कमध्ये मोडतो, त्यामुळे दुपारी एकला ईगल्सऐवजी जायंट्स किंवा जेट्स माथी मारले जाऊ शकतात. तिथे राहून ईगल्स बघायचे तर यूट्यूबवरचं संडे तिकीट लागतं. सिक्सर्सचं उलटं: फिलाडेल्फिया परिसरात एनबीए लीग पासवर त्यांचे थेट सामने बंद असतात, स्थानिक क्रीडा वाहिनी घ्यावी लागते.

भारतातून एनएफएलसाठी डॅझ्न या ॲपवरचा गेम पास आणि एनबीएसाठी लीग पास. वेळा लिहून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आधी दुपारी १ चा सामना भारतात रात्री साडेदहाला, ४:२५ चा मध्यरात्रीनंतर १:५५ ला, रात्री ८:२० चा सोमवारी पहाटे ५:५० ला. अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की प्रत्येकात एक तास मिळवा. सिक्सर्सचे संध्याकाळी ७ चे सामने हिवाळ्यात पहाटे साडेपाचला येतात, म्हणजे ऑफिसला निघण्याआधी पूर्ण बघून होतात. या बाबतीत पुण्यातला चाहता फिलाडेल्फियातल्यापेक्षा सुखी.

जर्सी कुणाची घ्यावी?

सध्याच्या खेळाडूची घेतली तर दोन वर्षांत तो विकला जाण्याचा धोका असतो. सिमन्स आणि वेंट्झच्या जर्सी अजून कितीतरी कपाटांत पडून आहेत. निवृत्त खेळाडू सुरक्षित. ईगल्ससाठी ब्रायन डॉकिन्स २० किंवा जेसन केल्सी ६२, सिक्सर्ससाठी आयव्हरसन ३. चालू संघातलीच हवी असेल तर मॅक्सीची शून्य क्रमांकाची. रंगाचं विचाराल तर ईगल्सचा १९९५ पर्यंतचा उजळ केली ग्रीन घ्या, आताचा गडद हिरवा नको. २०२३ पासून काही सामन्यांत संघही तो पुन्हा घालतो, आणि तो रोजचाच का करत नाहीत याचं पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.